देवरीसरची कोरी काच

देवरी गाव, हिमाचल प्रदेश
६ मे २०२४

आदरणीय बाई,

ई-मेलला तुम्ही उत्तर देत नाही, आणि फोन केला तर ‘कामाचं बोल’ म्हणून दोन मिनिटांत ठेवून देता. म्हणून पप्पांकडून पोस्टाची पाकिटं मागवली आणि कामाचंच लिहितेय. पप्पा सदतीस वर्षं पोस्टात होते. मुलगी कागदावर पत्र लिहिणार म्हटल्यावर येरवड्याच्या घरी सण असल्यासारखं झालं.

बाई, मी देवरीसरच्या काठी आहे. तुमच्या देवरीसरच्या! एम.एस्सी.ला तुम्ही फळ्यावर जो आलेख काढायचात, तो जिथल्या गाळातून आला तेच हे तळं. गेल्या ऑक्टोबरात आम्ही तराफ्यावरून तळाशी नळी ठोकली आणि साडेतीन मीटर गाळ अखंड वर काढला. हिवाळाभर मी त्याचे परागकण मोजले. मम्मी विचारते, “चिखलातून काय काढता गं एवढं?” मी सांगितलं, फुलांचे परागकण गाळात हजारो वर्षं टिकतात, ज्या थरात ज्या झाडाचे कण, त्या काळी ते झाड तिथे होतं. ती म्हणाली, “म्हणजे डोंगराचा जन्मदाखला काढायचा.” मला तुमची व्याख्या पाठ आहे, पण ही जास्त आवडली.

आता अडचण सांगते. तुमच्या आलेखात साडेपाच हजार वर्षांपूर्वी देवदार आणि ओक एकदम घसरतात आणि सूर्यफुलाच्या कुळातल्या झुडपांचे कण उसळी मारतात. म्हणजे पाऊस आटला, जंगल मागे हटलं, तीनशे वर्षांचा कोरडा काळ आला. माझ्या गाळात तो काळच नाही. तीनदा मोजलं. जंगल आहे तिथंच उभं आहे.

माझंच काही चुकलं असणार. मोजणीच्या प्रत्येक बैठकीला टेबलावर तुमची कोरी काच ठेवली होती, ग्लिसरिन लावून. ‘हवेतून काय पडतंय ते त्या काचेवर बघितल्याशिवाय मोजणीला हात लावायचा नाही’, हे तुमचं वाक्य अजून कानात आहे. ती स्वच्छ निघाली. तरी सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या तुमच्या १९९४च्या काचा एकदा बघायला मिळाल्या तर माझी चूक मला कळेल. पाठवाल का?

तुमची विद्यार्थिनी,
मैत्री

•

बिबवेवाडी, पुणे ३७
१९ मे २०२४

मैत्री,

मायना तू मनात घालून घे, मला तो जमत नाही.

पत्र मिळालं. अक्षर सुधारलेलं नाही. देवरीसरच्या काठी आहेस हे वाचून आनंद झाला, असं लिहायची पद्धत असते. मला झाला नाही. पाकीट मिटून ठेवलं, चहा केला, तो गार झाला, आणि मग पुन्हा वाचलं. तरी नाही झाला.

एक गोष्ट तुम्हा मुलांना वर्गात कधी सांगितली नाही, ती आता सांगते. त्या तळ्यावर मी अकरा निबंध लिहिले आणि ते तळं एकदाही पाहिलं नाही. गाळ विभागातल्या रणजितनं आणला. मी जायला तयार होते, सासूबाईंची सोय नणंदेकडे लावली होती, लोकरीचे दोन मोजेसुद्धा घेतले होते. आमचे विभागप्रमुख म्हणाले, “बाईमाणसाची तंबूत सोय कुठे करायची?” रणजित माझ्याच बरोबरीचा, त्यानं निदान तोंड तरी उघडावं! तो म्हणाला, “तुम्ही इथे काचा बघा हो, डोळे तुमचेच चांगले.” मग तो बर्फावर उभा राहून फोटो काढून आला आणि मी पुण्यात बसून त्याचा चिखल धुतला. मोजे अजून आहेत. इथे कुठे घालणार?

आता तू. अडतिसाव्या वर्षी तराफ्यावर उभी राहून साडेतीन मीटर गाळ काढतेस आणि वर मला कळवतेस की माझा कोरडा काळ तुला सापडत नाही. मला तुझा हेवा वाटतो, हे उघडच लिहिते. या वयात लपवायची मेहनत कोण करणार?

काचांचं म्हणशील, तर बिबवेवाडीला राहायला आलो तेव्हा सामानात कुठेतरी गेल्या. शोधल्या, नाहीत. दुसऱ्याच्या तीस वर्षांपूर्वीच्या काचा मागण्याआधी आपल्या नळीचं वरचं टोक कुठलं आणि खालचं कुठलं, ते एकदा तपासून घे. हुशार माणसांचीही तिथे गफलत होते.

सरोजिनी

•

देवरी गाव
२४ जून २०२४

आदरणीय बाई,

नळीची टोकं तपासली. बरोबर आहेत. (रागावू नका, तुम्ही सांगितलंत म्हणून खरंच तपासली.)

तुम्ही हे तळं पाहिलेलं नाही, हे वाचून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तुम्ही शिकवताना आम्हाला वाटायचं, बाई आत्ताच तिथून उतरून आल्यात. म्हणून थोडं लिहिते. तळं फार मोठं नाही, आपल्या सारसबागेतल्या तळ्याच्या दुप्पट असेल. एका बाजूला देवदार पार पाण्यापर्यंत येतात, दुसऱ्या बाजूला नुसती दरड. सकाळी पाणी काळं दिसतं, दुपारी हिरवं. वारा दुपारी एकनंतर खालच्या दरीतून वर येतो आणि संध्याकाळी अचानक थांबतो. तुम्ही या ना, बाई. शेवटचे सहा किलोमीटर खेचर मिळतं. तुमच्या गुडघ्यांना काही होणार नाही, मी आहे.

काचा हरवल्या हे वाचून वाईट वाटलं. त्यांच्यावाचून निबंध लिहून काढला आणि नियतकालिकाकडे पाठवला. तुमचं नाव आणि तुमचं काम पहिल्याच परिच्छेदात आहे, आदरानं आहे. पण कोरडा काळ मिळाला नाही, हेही लिहिलंय. मला ते टाळता येईना. डिसेंबरात माझ्या नेमणुकीची मुदत संपते, बाई. निबंध छापून आला तर इथली कायमची जागा मिळेल, नाही तर परत पुण्याला जाऊन तासिकेवर शिकवायचं. पप्पांना मी हे सांगितलेलं नाही, त्यामुळे येरवड्याला कुणी भेटलं तर बोलू नका.

मैत्री

•

बिबवेवाडी
२० जुलै २०२४

मैत्री,

सारसबागेच्या दुप्पट! एवढंच? मला ते कायम मोठं वाटत आलं.

निबंध पाठवलास, चांगलं केलंस. परीक्षक कोण असतील कोण जाणे. कडक असावेत, एवढीच माझी सदिच्छा.

गुडघ्यांची चौकशी करू नये. खेचरावर बसवून मला तिथे नेणार, आणि मग माझ्याच आलेखावर तू कसा बोळा फिरवलास ते मी काठावर बसून ऐकणार, असा बेत दिसतो. फारच प्रेमळ आहे.

जास्त लिहीत नाही. कुणाचा तरी निबंध तपासायला आलाय. माझा भाचा शुभंकर खराडीला दिवसभर संगणकात डोकं घालून बसतो, तो रविवारी येऊन मला छापील प्रती देतो आणि माझी उत्तरं टाइप करून पाठवतो. मुदत संपत आली आहे.

सरोजिनी

•

देवरी गाव
२ सप्टेंबर २०२४

बाई,

निबंध परत आला. एका परीक्षकानं ‘छापावा’ म्हटलंय, दुसऱ्यानं अडवलाय. दुसऱ्याचे दोन आक्षेप खाली देते.

पहिला: ‘लेखिकेनं हवेतल्या परागकणांसाठी कोरी काच ठेवली होती का, आणि ती स्वतः तपासली का?’

दुसरा: ‘१९९४च्या मूळ काचा आता उपलब्ध नसल्यामुळे जुना निष्कर्ष खोडून काढता येणार नाही.’

बाई, कोरी काच मागणारं माणूस मला जगात एकच माहीत आहे. आणि १९९४च्या काचा हरवल्यात हे त्या माणसानं फक्त मला कळवलं होतं. परीक्षकाचं नाव गुप्त ठेवायचं असतं म्हणे! तुम्ही तर सही करायचीच बाकी ठेवली होती.

माझी मुदत, माझी जागा, पप्पांना सांगितलेलं नाही, हे सगळं मी तुमच्यापाशी आपलं माणूस म्हणून लिहिलं. ते वाचून, घडी घालून तुम्ही शुभंकरदादाला हे टाइप करायला सांगितलंत? रडले मी. मग रागावले. अजून रागावलेलीच आहे, म्हणून हे पत्र छोटं आहे.

तुम्ही शिकवलंत तेच विचारते. माझ्या कोऱ्या काचा चौदाच्या चौदा माझ्याकडे आहेत, तारखेसकट, तपासल्याच्या सहीसकट. तुमची कुठे आहे?

मैत्री

•

बिबवेवाडी
१ ऑक्टोबर २०२४

मैत्री,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. पहिला आठवडा मी तुला मनातल्या मनात बोलत होते. काय उर्मट कार्टी आहे, हिला मी परागकण म्हणजे काय ते शिकवलं, आणि ही मला विचारते! दुसऱ्या आठवड्यात पलंगाखालची पेटी ओढली. काचा हरवलेल्या नव्हत्या. त्या कधीच हरवल्या नव्हत्या. वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरी बांधून ठेवलेल्या होत्या आणि मला जागा पाठ होती.

माझी कोरी काचही त्यातच होती.

आधी वही उघडली. २१ सप्टेंबर १९९४. प्रयोगशाळेतला वाफ ओढणारा पंखा बंद पडला होता. आम्लानं डोळे चुरचुरत होते, म्हणून मी मागची खिडकी सताड उघडली. मागे मोकळं मैदान होतं आणि पाऊस सरता सरता तिथे गाजरगवत कमरेएवढं माजायचं, पांढऱ्या फुलांनी गच्च. वहीत माझ्याच अक्षरात आहे: ‘पंखा बंद, खिडकी उघडी. कोरी काच ठेवली.’ त्यापुढे ‘तपासली’ हा शब्द हवा. तो नाही.

का नाही, तेही ऐक. रणजित गाळ देऊन पुन्हा दौऱ्यावर गेला होता आणि पंचवीस तारखेला परत यायचा होता. तो आला की निबंधावर पहिलं नाव त्याचं, कारण तळं त्यानं पाहिलं होतं. मला चार दिवसांत असं काहीतरी हवं होतं जे फक्त माझं असेल. सूर्यफुलाच्या कुळातले कण दिसायला लागले, पाच, पन्नास, दोनशे, आणि मला वाटलं, मिळालं! कोरी काच बघायला अर्धा तास लागला असता. मी बघितली नाही. रणजितचा इतका हेवा वाटत होता की अर्धा तास थांबवेना. पुढे प्रत्येक विद्यार्थ्याला ती काच तपासायला लावली, ओरडून ओरडून लावली. आपली तेवढी गुंडाळून ठेवली.

गेल्या रविवारी ती सूक्ष्मदर्शकाखाली घातली. तीस वर्षांनी. गाजरगवत, मैत्री. तेही सूर्यफुलाच्याच कुळातलं. काटेरी, वाटोळे, गुच्छच्या गुच्छ. मग एकशेचाळीस सेंटिमीटर खोलीची काच घातली, माझ्या कोरड्या काळाची. तेच गुच्छ. आणि खरी लाज तर पुढे आहे. गाळातला जुना कण आतून रिकामा असतो, नुसतं कवच, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. हे सगळे आतून भरलेले होते, गुलाबी रंग पिऊन टुम्म. १९९४ साली मला ते दिसले होते. मी वहीत लिहिलंय, ‘जतन उत्तम’.

त्या कणांची एवढी गर्दी झाली की मोजणीत देवदार आणि ओक आपोआप कमी दिसले. तुझं जंगल कुठेही गेलं नव्हतं. पाऊस आटला नव्हता. पुण्याचा एक सप्टेंबर मी तीस वर्षं हिमालयातला दुष्काळ म्हणून शिकवला.

संपादकांना पत्र गेलं आहे. दुसरा परीक्षक मीच, काचा माझ्याच घरात होत्या, आक्षेप मागे घेते आणि माझा १९९४चा निष्कर्ष चुकीचा होता, असं स्वच्छ लिहिलं. शुभंकर टाइप करताना थांबला आणि म्हणाला, “मावशी, नक्की ना?” मी म्हटलं, “तू शुद्धलेखन बघ.”

काचा कुरियरवाल्याच्या हाती द्यायला मन होईना. रिक्षा करून येरवड्याला तुझ्या घरी गेले. तुझे पप्पा, बाबुराव, काय माणूस आहे! एकेक काच कापसात गुंडाळली, डबा शिवला, वर तीन भाषांत ‘नाजूक’ लिहिलं आणि मला म्हणाले, “पोहोचली नाही तर मी स्वतः घेऊन जाईन.” तुझ्या मुदतीचं मी बोलले नाही. ते एक तरी वचन पाळलं.

माफी मागते. आणि हेही लिहून ठेवते की एवढं सगळं होऊन माझा हेवा काही गेलेला नाही. तू बरोबर निघालीस म्हणून थोडा वाढलाच आहे. खरं निघालं ते निघालं, निदान तळं तरी तू पाहायला नको होतंस, असं काल भांडी घासताना मनात आलं. माणूस असं असतं. मी तरी आहे.

१९९४च्या दुरुस्तीचं टिपण तू लिहिशीलच, त्यावर माझं नाव घालायचं असलं तर शेवटी घाल. पण गाळू नकोस.

सरोजिनी

•

देवरी गाव
१४ ऑक्टोबर २०२४

बाई,

डबा पोहोचला. एकही काच फुटलेली नाही. टिपण लिहून काढलंय, नाव तुमचं आणि माझं, सोबत मसुदा आहे, लाल शाईनं फाडून काढा. संपादकांचं पत्रही आलं: निबंध आणि टिपण एकत्र छापतायत. मुदत वाढतेय असं इथल्या संस्थेचे साहेब म्हणाले, कागद हातात आला की पप्पांना सांगणार.

राग बराच उतरलाय. सगळा नाही. पण एक माझंही ऐका. वर्गात तुम्ही सूक्ष्मदर्शकाला नुसता डोळा लावून ‘हा भूर्ज, हा ओक’ म्हणायचात आणि मी अर्धा तास चित्रांची पुस्तकं चाळत बसायचे. तेव्हापासून तुमच्या डोळ्यांवर मी जळतेय. अजून मला पुस्तक लागतं. रणजित सर एक गोष्ट खरी बोलले होते.

सोबतच्या छोट्या डबीत एक काच आहे. १२ ऑक्टोबरला सकाळी सात ते संध्याकाळी पाच ती मी देवरीसरच्या काठावरच्या दगडावर ठेवली होती. ग्लिसरिन लावलेली कोरी काच. मी ती तपासलेली नाही, नुसती झाकून बंद केली. तळं तुम्ही पाहिलं नाहीत, निदान तिथली हवा बघा. मोजणी तुम्हीच करा.

मैत्री

•

बिबवेवाडी
३ नोव्हेंबर २०२४

मैत्री,

मसुद्यात लाल शाई फार लागली नाही. याचाही मला त्रास झाला.

काच दिवाळीच्या गडबडीत आली. शुभंकर फराळ घेऊन आला होता, त्याला म्हटलं, “चिवडा ठेव आणि नीघ.” खिडक्या लावल्या, दाराला कडी घातली, पंखासुद्धा बंद केला. मग माझ्याच टेबलावर आणखी एक कोरी काच ठेवली, आणि ती तपासून झाल्यावरच तुझी बघितली. ‘तपासली’ असं वहीत लिहून खाली सही केली, सरोजिनी, तारखेसकट.

देवदार, गं! दोन पंखांचे, नुसता सडा पडलाय. आत्ताच्या आत्ता फुललेले, आतून भरलेले. जन्मभर मी या झाडाची रिकामी कवचं मोजली, जिवंत कण पहिल्यांदा बघितला. एकशे बारा मोजले. मध्ये दोनदा चष्मा पुसावा लागला, त्याचं कारण लिहीत नाही.

आणि मग डाव्या कोपऱ्यात एक निराळा. वाटोळा, काटेरी. या खेपेला चुकायचं नाही म्हणून तीनदा पाहिला, काच फिरवून पाहिला, १९९४ची काच आठवून पाहिला. तोच तो. गाजरगवत.

पोचलं की तिथे! दहा हजार फुटांवर, माझ्या तळ्याच्या काठी, माझ्याआधी! मला त्याचा इतका हेवा वाटला म्हणून सांगू! त्याला सासू नाही, विभागप्रमुख नाही, तंबूत सोय कुठे करायची हा प्रश्न नाही. निघालं आणि पोचलं.

आता तुझी दरी तापायला लागली आहे म्हणून ते खालून दुपारच्या वाऱ्यानं वर आलं, की येरवड्याहून तुझ्या कोटाला चिकटून आलं, हे इथे बसून मी सांगू शकत नाही. आणि तू सांगितलंस तर मी विश्वास ठेवणार नाही. मे महिन्याची तिकिटं काढायला शुभंकरला सांगितलंय. गुडघ्यांचं मी बघते. तू खेचर बघून ठेव, शांत स्वभावाचं. मोजे माझे मी आणते.

पहिल्या दिवशी काच मी ठेवणार. त्या दिवशी तू तुझा तो कोट घेऊन खाली गावातच थांबायचं.

सरोजिनी